खालची बाजू

सामान हलवण्याच्या धंद्यात एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. जिन्यावरून कपाट चढवायचं असलं की एक माणूस वर लागतो, एक खाली, आणि वरच्याला उलटं चालावं लागतं. पाठ पुढे, तोंड मागे, आणि तोंडासमोर काय, तर कपाट. काडी चार वर्षं असा उलटा चालत होता. अर्ध्या गावाचे जिने त्याने टाचांनी ओळखले होते. तो कुणाच्या घरात शिरला की घरच्यांना आधी त्याची पाठ दिसायची, मग कपाट, आणि चेहरा दिसायचा तो पाणी मागताना. परवा तर किराणा दुकानातून निघताना तो सवयीने चार पावलं मागे गेला आणि मागच्या बाईंच्या भाजीच्या पिशवीत जाऊन बसला. त्या बाई काय काय बोलल्या ते सोडा, पण काडीने त्या दिवशी ठरवलं की आता पुरे. आता खालचा माणूस व्हायचं.

कारण खालचा माणूस म्हणजे राजा. वजन त्याच्याकडे जास्त, हे खरं. पण तो समोर बघत चढतो. कपाटाच्या कडेने मान बाहेर काढतो आणि हुकूम सोडतो: चढ, डावीकडे घे, थांब, कठडा आला, आता वळ. वरच्याने फक्त ऐकायचं. इतकी वर्षं खाली काका होते. काका म्हणजे काडीच्या मावशीचे यजमान. धंदा मावशीचा, ट्रक मावशीचा, ट्रक चालवायचीही तीच, आणि खरं बोलायचं तर काकाही मावशीचेच. त्यांच्या कमरेला एक रुंद चामड्याचा पट्टा असायचा, घामाने काळाकुट्ट झालेला. तो पट्टा ज्याच्या कमरेला तो खालचा माणूस, एवढं साधं होतं. पण काकांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे जिना चढायचा तर एकट्याने, सोबत कपाट न्यायचं नाही.

आता पट्टा कुणाला? उमेदवार दोन. एक आपला काडी आणि दुसरा गेंडा. गेंडा हा मावशीचा सख्खा मुलगा, काडीपेक्षा आठ दिवसांनी मोठा, आणि त्या आठ दिवसांच्या जोरावर काडीने आपल्याला दादा म्हणावं असा त्याचा आग्रह. त्याचं काम ट्रकवर. खालून फ्रीज आला की एका हिसक्यात वर, वॉशिंग मशीन आलं की एका हिसक्यात वर. जिन्याशी त्याचा संबंध फक्त जेवायला घरी जाण्यापुरता.

मावशीने दोघांना समोर उभं केलं आणि सांगितलं की माझ्याकडे सख्खं-मावस काही नाही, ज्याच्या अंगात जास्त ताकद त्याला पट्टा. तुम्ही दोघं रोज त्या तळघरात लोखंड उचलायला जाता ना, मग तिथेच काय ते ठरवा आणि मला येऊन सांगा.

इथेच घोळ झाला. कारण ताकद म्हणजे काय, यावर त्या तळघरात आधीपासूनच दोन तट होते.

तळघर लाँड्रीच्या खाली. वरून गरम पाइप जायचा, त्यामुळे व्यायाम न करताही घाम यायचा, आणि नवी पोरं त्यावरच खूश होऊन घरी जायची. चालवणारे सर पूर्वी तिथेच गणिताच्या शिकवण्या घ्यायचे. मुलं यायची बंद झाली तशी त्यांनी बाकं विकली आणि लोखंड आणलं, पण फळा भिंतीवर तसाच राहिला. तर त्या तळघरात काही जण हलकं वजन घेऊन पुन्हा पुन्हा मारत बसायचे, आणि काही जण जबरदस्त वजन एकदाच उचलायचे आणि उरलेला तास त्याबद्दल बोलायचे. गेंडा दुसऱ्या जातीतला. त्याचा एक सोहळाच असायचा. हाताला खडूची पूड, स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या, मग बाकावर आडवं होऊन छातीत एवढी हवा भरायची की बनियन वर जायचं. मग तोंड घट्ट बंद, गाल फुगलेले, डोळे बाहेर, आणि आवाज न करता रॉड वर. एकशे पाच किलो. एकदाच. त्यानंतर दहा मिनिटं त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, बोललं तरी उत्तर यायचं नाही.

काडीचं उलट. काडी साठ किलो घ्यायचा आणि सुरू व्हायचा, आणि त्याचं तोंडही सुरू व्हायचं. आपले आपण मोठ्याने मोजायचा, कारण दुसऱ्याच्या मोजण्यावर त्याचा विश्वास नव्हता, आणि मधे मधे जगाच्या चौकशा. नऊ, सर तो पंखा जरा इकडे करा, दहा, काल काय झालं माहितेय, अकरा, थांबा सांगतो, बारा. शेजारच्या बाकावरचा वैतागून निघून जायचा. सर तर कपाळावर हात मारायचे. ते रोज सांगायचे, "अरे, हवा म्हणजे तुझ्या आतला जॅक आहे. तू बोलतोस आणि जॅक खाली बसतो. तोंड मिट, मग बघ किती उचलशील." काडी म्हणायचा, बरोबर आहे सर, तेरा.

तर ताकद कुणाची जास्त? गेंडा म्हणाला, एकशे पाच आणि साठ, यात विचारायचं काय. काडी म्हणाला, मी चोवीस वेळा उचलतो, तू एकदाच उचलतोस, यात विचारायचं काय. भांडण लाँड्रीपर्यंत ऐकू जायला लागलं तेव्हा सर उठले आणि फळ्यापाशी गेले. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी त्यांना गणित विचारलं होतं. त्यांनी बाह्या वर केल्या आणि लिहून दाखवलं की वजन गुणिले किती वेळा, त्याला तीसने भागा, त्यात वजन मिळवा, म्हणजे माणूस जास्तीत जास्त किती उचलेल ते निघतं. साठ गुणिले चोवीस. भागिले तीस. अठ्ठेचाळीस. अधिक साठ.

एकशे आठ.

एकशे पाचवर एकशे आठ, म्हणजे तीन किलोंनी काडी वरचढ. सर पुढे काहीतरी सांगत होते, की हे सूत्र दहा वेळांच्या आत असेल तोवर ठीक, त्याच्या पुढे ते थापा मारायला लागतं, पण ते ऐकायला काडी जागेवर होता कुठे? तो केव्हाच जिना चढून रस्त्यावर पोचला होता, आणि तोही सरळ तोंडाने.

त्या आठवड्यात काडीची चाल बदलली. तो दारातून आडवा होऊन जायला लागला, जसं काही खांदे मावत नाहीत. शर्टाच्या बाह्या त्याने दोनदा दुमडल्या, आत दंड सापडेना तरी. गेंडा मात्र खचला. दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही, म्हणजे जेवणं सोडून मधलं काही खाल्लं नाही. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने सगळीकडे सांगायला सुरुवात केली की आमच्या घरात एक कागदी पैलवान निपजला आहे.

ते मावशीच्या कानावर गेलं. तिने काडीला ट्रकपाशी गाठलं आणि विचारलं, "एकशे आठ तू उचललेस?"

"गणिताने उचलले."

"मग गणिताला पाठव जिन्यावर," मावशी म्हणाली, आणि दोऱ्या गुंडाळायला लागली. गुंडाळता गुंडाळताच तिने निकाल दिला की रविवारी मी स्वतः येते, माझ्या डोळ्यांदेखत जो जास्त उचलेल त्याचा पट्टा.

रविवारी मावशी आली आणि एका यंत्रावर बसली. ते यंत्र कशाचं होतं कुणास ठाऊक, पण त्या दिवसापासून त्याच्याकडे सगळे आदराने बघायला लागले. काका पट्टा मांडीवर घेऊन शेजारी. सरांनी काडीला बाजूला घेऊन समजावलं की आधी सत्तर मार, मग ऐंशी, अंगाचा अंदाज घे, पंच्याऐंशी तुझ्या आवाक्यात आहेत. काडीला ते पटेना. एकशे आठच्या माणसाने सत्तर कशाला उचलायचे? लोक काय म्हणतील? त्याने सरळ एकशे आठ लावायला सांगितले. चार-चार प्लेटी चढल्या, टोकाला लहान लहान चकत्या लागल्या, रॉड वाकल्यासारखा दिसायला लागला. काडी आडवा झाला, मावशीकडे बघून हसला आणि म्हणाला की मावशी, बघ हं आता, हे असं आधी काढून घ्यायचं, मग हळूच खाली...

आणि रॉड खाली आला. हळू बिळू काही नाही. येऊन छातीवर बसला आणि बसूनच राहिला. पण काडीचं तोंड थांबलं असेल तर शपथ. रॉडखालून त्याचा बारीक आवाज येत होता, की झालं, आता वर जाईल, जरा कोन चुकलाय, सर तुम्ही हात लावू नका, म्हणजे अगदीच लावू नका असं नाही, लावा, लावा लवकर. तिघांनी मिळून रॉड उचलला. काडीच्या बनियनवर आडवी रेघ उमटली होती, इस्त्री केल्यासारखी.

मग गेंडा. पूड, चापट्या, हवा. डोळे बाहेर. एकशे पाच किलो चुपचाप वर गेले आणि चुपचाप जागेवर आले. मावशीने आनंदाने विचारलं की बाळा, दुपारी जेवायला काय करू? गेंड्याने उत्तर दिलं नाही. त्याचा जीव अजून एकशे पाच किलोंत होता. काका त्याच्याकडे जरा वेळ बघत बसले, काहीतरी बोलणार होते, पण मावशीने पट्टा त्यांच्या मांडीवरून उचललासुद्धा. गेंड्याच्या कमरेला तो शेवटच्या भोकात कसाबसा बसला. बसला म्हणजे काय, दोघांनी ओढून बसवला.

आणि काडी? काडी घरी गेला तो उलटा नाही, पण मान खाली घालून, म्हणजे फारसा फरक नव्हता.

सोमवारी काम होतं एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं. पाचवा मजला. लिफ्ट होती, पण ती एवढीशी की त्यात कपाट गेलं असतं तर कपाटातले शर्ट राहिले असते बाहेर. आणि कपाट कसलं, जुनं लोखंडी, दारावर जाड आरसा. काका गुडघे घेऊन ट्रकमध्ये बसले. मावशी जिन्याच्या तळाशी उभी राहिली. ती तिची नेहमीची जागा. इतकी वर्षं कपाट कुठवर पोचलं ते तिने कधी डोळ्यांनी बघितलं नाही, काकांचा आवाज कुठून येतो त्यावरून ओळखलं. आता वळ, म्हणजे पहिला मजला. कुंडी आहे, पाय सांभाळ, म्हणजे दुसरा.

गेंड्याने खडूची पूड आणली होती. त्याने गालांवर चापट्या मारल्या, छाती भरली, तोंड मिटलं आणि खालची बाजू अशी उचलली की काडीला वाटलं आपण कपाटाबरोबर वरच फेकले जातोय. मानलं पाहिजे, पहिला मजला त्यांनी अर्ध्या मिनिटात मारला. काडी उलटा पळत होता. "वळू का?" त्याने विचारलं. उत्तर नाही. तो अंदाजाने वळला, कोपर भिंतीला सोलून निघालं. जिन्याच्या चौकात गेंड्याने कपाट ठेवलं, हवा सोडली आणि कठड्याला टेकून उभा राहिला, डोळे मिटून, दहा मिनिटं. काडीने चारदा काहीतरी विचारलं, पण त्याला नियम माहीत होता. मग पुन्हा चापट्या, पुन्हा हवा, दुसरा मजला. कुंडी इथेही होती. ती होती हे काडीला कळलं, पण नंतर.

खाली मावशीला एकही हुकूम ऐकू येईना.

आता तिसऱ्या मजल्यावर काय झालं ते नीट ऐका. जिना संपतो तिथे समोरच एक दार, आणि ते त्या दिवशी सताड उघडं. वळायचं होतं डावीकडे. हे फक्त गेंड्याला दिसत होतं, आणि गेंड्याच्या तोंडात हवा होती. तोंड उघडावं तर जॅक खाली बसणार. त्याने भुवयांनी खुणा केल्या. काडीला कपाटापलीकडच्या भुवया कशा दिसणार? त्याने विचारलं, वळू? विचारलं, सरळ? काहीच नाही म्हणजे सरळ, असं समजून तो गेला सरळ.

पायाखाली काहीतरी मऊ लागलं. गालिचा. काडीला वाटलं वा, तिसऱ्या मजल्यापासून इमारत श्रीमंत आहे. दोन पावलांनी टीव्हीचा आवाज आला. आणखी दोन पावलांनी पाठीमागून कुणीतरी प्रेमाने म्हणालं, "या, या. आलात का?"

एक आजोबा खुर्चीत बसून चहा पीत होते. लेकीने त्यांना केव्हापासून कबूल केलं होतं की बाबा, तुम्हाला एक कपाट घेऊन देते, आणि आज ते एकाएकी हॉलमध्ये उलटं चालत आलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. इथे नको, खिडकीपाशी ठेवा, त्यांनी सांगितलं. गेंडा लालाचा जांभळा झाला होता. शेवटी त्याने कपाट धाडकन गालिच्यावर टेकवलं, सायकलच्या ट्यूबसारखी हवा सोडली आणि म्हणाला, "डावीकडे."

पुढची वीस मिनिटं काडीने आजोबांना समजावलं. आजोबा ऐकायला तयार नव्हते, त्यांनी खालच्या कप्प्यात दोन मफलर ठेवूनही टाकले होते. काडीने लेकीची चौकशी केली, नातवाची केली, आलेला चहा घेतला, मफलर घडी घालून परत दिले आणि शब्द दिला की तुमचं कपाट येईल तेव्हा मीच घेऊन येईन, आणि दार वाजवून येईन. तेवढ्यात गेंड्याचा दम परत आला.

निघताना लक्षात आलं की दाराकडच्या बाजूला गेंडा आहे आणि आत काडी. म्हणजे आधी बाहेर पडणार गेंडा, आणि बाहेरचा चौक एवढा चिंचोळा की कपाट फिरवायला जागा नाही. म्हणजे पुढचा जिना आधी चढणार गेंडा. उलटा. आणि खाली काडी. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलं नाही, भिंतींनीच ठरवलं. उंबरठ्यावर कपाट अडलं तेव्हा गेंड्याने एक हिसका दिला आणि ते पिसासारखं पलीकडे गेलं. ते त्याने करावं आणि त्यानेच करावं.

मग सगळं वजन काडीच्या अंगावर आलं. क्षणभर त्याला रविवारचा रॉड आठवला. पण त्याने कपाटाच्या कडेने मान बाहेर काढली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्याला जिना दिसला. समोरून. पायऱ्या, कठडा, वर कुणाची तरी सायकल टांगलेली, चौथ्यावर खिडकीत एक मांजर. जिन्यात मांजर असतं हे त्याला माहीतच नव्हतं.

"चढ," तो म्हणाला. "एक. पुढची पायरी तुटकी आहे, टाच मागे घे. दोन. वर सायकल आहे, डोकं वाकव, अजून वाकव, डोकं मोठं आहे तुझं. तीन. डावीकडे भिंत आली. चार. मांजर आहे, थांब, जाऊ दे त्याला, गेलं. पाच."

आणि काय सांगू, पहिल्या पायरीला साठ किलोचा एक, दुसऱ्या पायरीला दुसरा, असं ते चालूच राहिलं. बोलताना हवा बाहेर, क्षणभर गप्प की हवा आत. सर ज्याला जॅक खाली बसणं म्हणायचे, तोच काडीचा पंप होता. वर गेंडा गाल फुगवून उलटा चालत होता, काडी सांगेल तिथे वळत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की बस. त्याला काही बोलायचं नव्हतं, काही ठरवायचं नव्हतं.

तळाशी मावशी कधीची घाबरून पहिल्या पायरीवर बसली होती. दोन मजले एक हुकूम नाही, तिसऱ्यावर नुसता धाडकन, तेव्हा तिला वाटलं की संपले दोघंही, आता बहिणीला काय तोंड दाखवू. आणि एकदम जिन्यातून मांजर, सायकल, टाच असलं काय काय घरंगळत खाली यायला लागलं. कपाट चौथ्यावर आहे, वळतंय, आता सरळ आहे, तिला डोळ्यांपुढे दिसायला लागलं. ती उठली आणि तोंड वर करून ओरडली, "कोण बोलतंय रे?"

वरून जरा वेळाने, धापा टाकत उत्तर आलं, "गणित चढतंय, मावशी. अठरा."

खाली आल्यावर गेंड्याने पट्टा स्वतःच सोडला. सोडल्यावर त्याचं पोट असं मोकळं पुढे आलं की त्याला केवढा आनंद झाला. तो आईला म्हणाला की वरची बाजू मला चालेल, आवडली मला, काही बघावं लागत नाही. मावशीने त्याच्याकडे बघितलं, काडीकडे बघितलं आणि पट्टा काकांच्या हातात देऊन म्हणाली की याच्या मापाचं करून द्या.

काकांनी काडीला ट्रकच्या मागच्या फळीवर उभं केलं. पट्टा त्याच्या कमरेभोवती दीड वेळा गेला. भोक कुठे पाडायचं ते काडी दाखवत होता, आणि त्याच दमात आजोबांचं सांगत होता, मफलर कसे दोन होते, एक लाल, एक तपकिरी, आणि मांजर कसं. काकांनी खिळा टेकवला, हातोडी उचलली आणि म्हणाले की आता मिनिटभर हलू नकोस आणि बोलू नकोस, खिळा पोटापाशी आहे.

काडी गप्प बसला.

पुढे ट्रकचं दार खाडकन उघडलं आणि मावशी धावत मागे आली. "काय झालं?" तिने विचारलं. "पडला का?"